ज्याचं गणित कळत नाही, त्याला निवडायचं कसं?

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या राज्य विद्यापीठाचा गणित विभाग डोळ्यांसमोर आणा. पन्नास-साठ प्राध्यापक आहेत. त्यांतले एक निवृत्त होतात आणि त्यांची जागा भरायची ठरते. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास जाहिरात लागते आणि वर्ष सरायच्या आत शेकड्यांनी अर्ज येऊन पडतात. अर्ज करणारे बहुतेक सगळे पीएचडी झालेले, त्यानंतर दोन-तीन वर्षं कुठेतरी पोस्टडॉक केलेले, नावावर काही शोधनिबंध असलेले. आता त्यातला कुठलाही एक शोधनिबंध उचला आणि विभागात फिरवा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तो समजून वाचू शकेल असा माणूस त्या साठ जणांत एखादाच निघतो. पुष्कळदा तोही निघत नाही.

तरीही वसंत ऋतू उजाडेपर्यंत या साठ जणांना एका नावावर यायचं असतं. ते नाव टिकलं, तर तो माणूस पुढची तीस-पस्तीस वर्षं शेजारच्या खोलीत बसणार, विद्यार्थ्यांच्या फीमधून आणि जनतेच्या करातून पगार घेणार, आणि त्याने कोणत्या प्रश्नावर डोकं चालवावं हे त्याला कोणीही सांगणार नाही.

गणितात खरं-खोटं मतावर ठरत नाही. सिद्धता बरोबर असते किंवा नसते. पण ही विद्या करणाऱ्या माणसाला निवडायची वेळ आली की सिद्धता काही कामाला येत नाही. चार पत्रं, एका तासाचं व्याख्यान, जेवणावरच्या गप्पा आणि दुसऱ्याच्या शब्दावरचा भरवसा, एवढ्यावर निर्णय घ्यावा लागतो. हे बहुतेक वेळा बऱ्यापैकी साधतं कसं, याचं मला फार नवल वाटतं.

मुळात राज्याच्या खजिन्यातून साठ गणितज्ञ पोसायची कल्पना आली कुठून? 1862 साली, यादवी युद्ध चालू असताना, अब्राहम लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. काँग्रेसमधल्या आपल्या दर सदस्यामागे प्रत्येक राज्याला 30,000 एकर सरकारी जमीन मिळणार होती. ती विकून येणाऱ्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालयं उभी करायची होती. (ही जमीन तिथल्या मूळ रहिवाशांकडून काढून घेतलेली होती, हेही याच हिशेबात लिहून ठेवायला हवं.) कॅलिफोर्निया विद्यापीठ 1868 मध्ये निघालं, इंडियानातलं पर्ड्यू 1869 मध्ये. शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या मुलांना इंजिनिअर व्हायचं तर कॅल्क्युलस शिकवणारं कोणीतरी हवं. आजही राज्य विद्यापीठातल्या गणित विभागाचा पाया तोच आहे. दर सत्रात हजारो मुलं कॅल्क्युलसच्या वर्गात बसतात, आणि त्या वर्गांच्या जोरावर विभागाला माणसं मिळतात. ती माणसं उरलेल्या वेळात अशा विषयांवर काम करतात ज्यांचा शेतीशी किंवा यंत्रांशी सुतराम संबंध नसतो. मॉरिल साहेबांच्या मनात हे होतं असं वाटत नाही, पण झालं हे असं.

भरायच्या जागेला तिथे ‘लाइन’ म्हणतात. माणूस निवृत्त झाला की लाइन आपोआप विभागाकडे राहते असं नाही. बहुतेक ठिकाणी ती डीनकडे परत जाते आणि विभागप्रमुखाला ती नव्याने मागून घ्यावी लागते. रसायनशास्त्रही मागत असतं, संगणकशास्त्रही. विधिमंडळाने त्या वर्षी अनुदान कापलं तर सगळ्यांचंच मागणं पडून राहतं. गणिताच्या बाजूने एक गोष्ट मात्र नेहमी असते: गणितज्ञ स्वस्तात पडतो. प्रयोगशाळा लागणाऱ्या नव्या प्राध्यापकासाठी विद्यापीठाला उपकरणांवर अफाट खर्च करावा लागतो. गणितज्ञाला एक खोली, एक संगणक, परिषदांना जायला थोडे पैसे आणि एक चांगला फळा पुरतो. खडूही चांगला हवा. जपानच्या हागोरोमो कंपनीने 2015 मध्ये खडू बनवणं थांबवलं तेव्हा अमेरिकेतल्या कित्येक गणितज्ञांनी वर्षानुवर्षं पुरतील एवढी खोकी घेऊन ठेवली होती. पुढे एका कोरियन कंपनीने ती यंत्रं नेली आणि तो खडू पुन्हा मिळू लागला.

लाइन मिळाली की विभागाच्या आतला वाद सुरू होतो. संख्या सिद्धांतातला माणूस गेला म्हणून जागा त्यांचीच, असं कोणी मानत नाही. टोपॉलॉजीवाल्यांना वाटतं, आपल्याकडे दहा वर्षांत कोणी आलेलं नाही. उपयोजित गणितवाले म्हणतात, विद्यार्थी आमच्याकडे येतात. गणिताचं जे जागतिक वर्गीकरण आहे त्याच्या 2020 च्या आवृत्तीत 63 मुख्य शाखा आहेत, प्रत्येकीला दोन अंकी क्रमांक. 11 म्हणजे संख्या सिद्धांत, 14 म्हणजे बैजिक भूमिती, 35 म्हणजे आंशिक विकलक समीकरणं. प्रत्येक शाखेच्या पोटात पुन्हा डझनावारी उपशाखा. एका लाइनवर यातला एकच माणूस बसणार. मग जाहिरातीत कधी एखादी शाखा लिहितात, कधी ‘कोणत्याही शाखेतला उत्तम उमेदवार’ असं लिहून वाद सहा महिने पुढे ढकलतात.

अर्ज येतात ते ‘मॅथजॉब्स’ नावाच्या संकेतस्थळावर. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी ते चालवते आणि अमेरिकेतल्या गणिताच्या बहुतेक नोकऱ्यांचे अर्ज तिथूनच जातात. उमेदवार आपल्या कामाला शाखेचा क्रमांक लावतो, संशोधनाविषयी चार-पाच पानं लिहितो, शिकवण्याविषयी एक-दोन पानं. पाच-सहा प्राध्यापकांची सर्च कमिटी हे सगळं आपसात वाटून घेते. संशोधनाचं टिपण लिहिणं अवघड असतं, कारण ते एकाच वेळी दोन वाचकांसाठी लिहायचं असतं. एक वाचक त्याच शाखेतला, ज्याला पोकळ वाक्य लगेच कळतं. दुसरा तीन शाखा पलीकडचा, ज्याला दुसऱ्या परिच्छेदाच्या पुढे जाता आलं नाही तर अर्ज बाजूला पडतो.

पण खरी मदार शिफारसपत्रांवर असते. साधारण तीन पत्रं संशोधनाबद्दल आणि एक शिकवण्याबद्दल. ती थेट समितीकडे जातात, उमेदवाराला दिसत नाहीत. पत्र लिहिणारा हा उमेदवाराचं काम ओळन् ओळ वाचलेल्या, जगभरातल्या दहा-वीस माणसांपैकी एक असतो. समितीने स्वतः जे वाचलेलं नाही, वाचताही येणार नाही, ते त्याने तिच्यासाठी वाचलेलं असतं.

असं एक चांगलं पत्र दोन-तीन पानांचं असतं. आधी प्रश्न काय होता ते येतं, तो कधीपासून पडून होता, कोणी कोणी हात घातला आणि ते कुठे अडकले. मग उमेदवाराने नेमकं काय केलं: जुन्याच हत्याराला धार लावली, की नवं हत्यार घडवलं? आणि शेवटी येते तुलना. हिचं काम पाच वर्षांपूर्वीच्या अमक्याच्या तोडीचं आहे, आणि तो अमका आज तमक्या विद्यापीठात प्राध्यापक आहे. समिती आधी हीच ओळ शोधते. अमक्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे न कळणारं गणित अचानक कळणाऱ्या मापात येतं. उरलेलं वाचायचं ते शब्दांच्या मधल्या जागेत. उमेदवार ‘कष्टाळू’ आहे, ‘काळजीपूर्वक काम करतो’, एवढंच कौतुक असेल तर वाचणारे समजून जातात. ‘हा प्रश्न मी स्वतः काही वर्षं करून पाहिला आणि मला सुटला नाही’ असं एखाद्या नामवंताने कबूल केलं असेल, तर तो अर्ज ढिगाच्या वर येतो. इंग्लंडमधल्या प्राध्यापकाने नुसतं ‘चांगलं’ म्हटलेलं असलं तरी ते अमेरिकेतल्या ‘अप्रतिम’च्या बरोबरीचं धरावं लागतं, हेही अनुभवी वाचकाला ठाऊक असतं.

आता पत्र लिहिणाऱ्याने खोटं का लिहू नये? आपला विद्यार्थी आहे, त्याला नोकरी लागायला हवी. इथेच या व्यवस्थेची मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. तोच प्राध्यापक त्याच वर्षी आपल्या दोन-तीन विद्यार्थ्यांसाठी पत्रं लिहितो आणि ती बहुधा त्याच विद्यापीठांत जातात. समितीतला कोणीतरी ती शेजारी शेजारी ठेवतो. चार वर्षांपूर्वीचं त्याचं पत्रही कोणाच्या तरी लक्षात असतं: तेव्हा यांनी ज्याला पिढीतला सर्वोत्तम म्हटलं होतं त्याचं पुढे काय झालं? गणिताचं जग लहान आहे आणि त्याची स्मरणशक्ती दांडगी आहे. एका पत्रात शब्द उधळले की पुढच्या सगळ्या पत्रांची किंमत उतरते. कोणी नियम केलेला नाही, कोणी तपासणी करत नाही, तरी पत्रं बऱ्यापैकी खरी राहतात. याची दुसरी बाजू कठोर आहे. ज्याला कोणी ओळखत नाही त्याच्यासाठी या व्यवस्थेत दारच नाही. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

छाननीनंतर दहा-पंधरा नावं उरतात. पूर्वी जानेवारीत गणितज्ञांचं मोठं वार्षिक अधिवेशन भरे, तेव्हा एका दालनात टेबलं मांडून ओळीने मुलाखती होत. आता हे काम व्हिडिओ कॉलवर होतं. त्यांतून तीन-चार जणांना प्रत्यक्ष बोलावलं जातं. ही भेट दीड-दोन दिवस चालते. अर्ध्या अर्ध्या तासाने एकेका प्राध्यापकाच्या खोलीत गप्पा, डीनची भेट, पीएचडीच्या विद्यार्थ्यांबरोबर जेवण, काही ठिकाणी एक तास कॅल्क्युलसही शिकवून दाखवायचा. आणि या सगळ्याच्या मध्यभागी ‘जॉब टॉक’.

जॉब टॉक पन्नास मिनिटांचा असतो. साठ जण समोर बसलेले असतात आणि त्यातल्या अठ्ठावन्न जणांना विषय परका असतो. ठरून गेलेली रीत अशी की पहिला एक-तृतीयांश भाग सगळ्यांना कळला पाहिजे, दुसरा शेजारच्या शाखेतल्यांना, आणि शेवटचा त्या एक-दोन तज्ज्ञांना, म्हणजे आत खरंच काही आहे याची त्यांना खात्री पटते. उरलेले लोक शेवटची पंधरा मिनिटं नुसते बसून असतात असं मात्र नाही. ते वेगळंच काही पाहत असतात. कोणीतरी विचारतं, ‘तुमचं प्रमेय सगळ्यात साध्या उदाहरणात काय सांगतं?’ जिचं गणित आतून आलेलं असतं ती फळ्याच्या कोपऱ्यात एक वर्तुळ काढते, त्यावर तीन बिंदू मांडते आणि दोन मिनिटांत प्रमेयाचा जीव दाखवते. जिने नुसती यंत्रणा शिकून घेतलेली असते ती परत मोठ्या सूत्राकडे जाते. पुढचा प्रश्न येतो: ‘ही अट काढून टाकली तर काय बिघडतं?’ उत्तर माहीत नसलं तरी चालतं. ‘माहीत नाही, पण मी आधी इथे पाहीन’ असं म्हणून ती कुठे बोट ठेवते, ते महत्त्वाचं. विषय न कळताही हा फरक ओळखता येतो. ज्याने स्वतः वीस-तीस वर्षं गणित केलंय त्याला समोरच्याच्या हालचालीवरून कळतं की ही व्यक्ती आपल्या घरात वावरते आहे की पाहुणी म्हणून आलेली आहे.

संध्याकाळी जेवण असतं, आणि त्याआधी प्रत्येक प्राध्यापकाच्या हाती एक कागद पडलेला असतो: काय विचारायचं नाही. लग्न झालंय का, मुलं आहेत का, धर्म कोणता, मूळचे कुठले, वय किती, यातलं काही नाही. हा कागद कुठून आला हे समजायला बर्कलेचा इतिहास पाहावा लागतो. 1942 च्या सुमारास संख्याशास्त्रज्ञ जेर्झी नेमन यांना डेव्हिड ब्लॅकवेल यांना कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलेला, आणायचं होतं. ब्लॅकवेल यांनी इलिनॉय या राज्य विद्यापीठातून वयाच्या 22 व्या वर्षी पीएचडी घेतलेली होती. नेमणूक झाली नाही. त्यामागचं कारण ब्लॅकवेल यांना पुष्कळ वर्षांनी कळलं आणि त्यांनी ते मुलाखतीत सांगितलं आहे: विभागप्रमुखांच्या घरी प्राध्यापकांना जेवायला बोलवायची पद्धत होती, आणि प्रमुखांच्या पत्नीला कृष्णवर्णीय माणूस घरी नको होता. ब्लॅकवेल कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत शिकवत राहिले. 1950 च्या दशकाच्या मध्यावर बर्कलेने त्यांना प्राध्यापक केलं, पुढे ते संख्याशास्त्र विभागाचे प्रमुखही झाले. बर्कलेत गणित आणि संख्याशास्त्र हे विभाग ज्या इमारतीत अनेक वर्षं राहिले तिला त्याच विभागप्रमुखांचं, ग्रिफिथ इव्हान्स यांचं, नाव आहे. 2018 मध्ये एका वसतिगृहाला ब्लॅकवेल यांचं नाव दिलं गेलं.

त्याच बर्कलेत ज्युलिया रॉबिन्सन होत्या. 1948 मध्ये तिथेच पीएचडी झाली. हिल्बर्ट या गणितज्ञाने मांडलेल्या प्रसिद्ध प्रश्नांपैकी दहाव्या प्रश्नाचा निकाल 1970 मध्ये लागला तो त्यांच्या कामाच्या पायावर. पण पती राफाएल रॉबिन्सन त्याच गणित विभागात प्राध्यापक होते आणि एकाच विभागात पती-पत्नी दोघांना नेमायचं नाही असा नियम होता. 1975 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसवर त्यांची निवड झाली. गणितात हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. त्यानंतर 1976 मध्ये बर्कलेने त्यांना प्राध्यापक केलं. जगाला सगळं दिसत होतं आणि त्याच कॉरिडॉरमधल्या लोकांना दिसत नव्हतं. नोकरीतला भेदभाव बेकायदा ठरवणारा 1964 चा कायदा राज्य विद्यापीठांना लागू झाला तोही 1972 मध्ये. तो न विचारायच्या प्रश्नांचा कागद मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. आपण काय पाहतो यावर लगाम घातल्याशिवाय माणसाला दुसऱ्याची बुद्धी धड दिसत नाही, हे फार मोठी किंमत देऊन शिकलेलं आहे.

मग विभागाची बैठक, मतदान, क्रमवारी, डीनची मंजुरी. पहिल्या नावाला पत्र जातं, विचाराला दोनेक आठवडे मिळतात, आणि दुसऱ्या नावाचा माणूस तोवर काही न कळता थांबून असतो. पगार गुपित नसतो. बहुतेक राज्यांत तो जाहीर माहितीत येतो आणि कोणालाही शोधून पाहता येतो. तो साधारण नऊ महिन्यांचा असतो, उन्हाळ्याचे दोन महिने संशोधनाच्या अनुदानातून भरून काढायचे.

एवढं झालं तरी ही पक्की नोकरी नव्हे. आपल्याकडे विद्यापीठात वर्षभराची, फार तर दोन वर्षांची परिवीक्षा असते. तिथली ही ‘टेन्युअर-ट्रॅक’ जागा म्हणजे सहा वर्षांची कसोटी. अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स ही प्राध्यापकांची संघटना 1915 मध्ये निघाली आणि 1940 मध्ये तिने महाविद्यालयांच्या संघटनेबरोबर एक निवेदन काढलं. त्यात परिवीक्षेची कमाल मर्यादा सात वर्षं ठरली, आणि ती आजही बहुतेक ठिकाणी पाळतात. सहाव्या वर्षी निकाल. नाही म्हटलं तर सातवं वर्ष शेवटचं, बोचकं बांधायचं. हो म्हटलं तर टेन्युअर. मग सबळ कारण दाखवल्याशिवाय आणि रीतसर सुनावणी झाल्याशिवाय त्या माणसाला काढता येत नाही.

राज्य विद्यापीठात या शब्दाला जे वजन आहे ते खासगी विद्यापीठात नाही. 29 जून 1972 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. एक विस्कॉन्सिनच्या राज्य विद्यापीठातल्या डेव्हिड रॉथ नावाच्या अध्यापकाचा होता. एका वर्षाच्या करारावरचे रॉथ यांना पुढे न नेमल्याबद्दल सुनावणी मागता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. पण दोन्ही निकाल मिळून जे ठरलं ते असं: ज्याच्याकडे टेन्युअर आहे त्याची नोकरी ही त्याची मालमत्ता आहे, आणि राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीप्रमाणे राज्याला ती रीतसर प्रक्रियेशिवाय हिरावून घेता येत नाही. एखाद्याचं घर किंवा शेत जसं सरकारला सहज घेता येत नाही, तशी त्याची विचार करायची खुर्चीही घेता येत नाही. राज्य स्वतःच पैसे देतं आणि स्वतःच्याच हाताला कुलूप घालून घेतं. सरकार नावाच्या गोष्टीकडून इतकी उदार कल्पना मी क्वचितच पाहिली आहे. हे कुलूप अभेद्य नाही. विस्कॉन्सिनने 2015 मध्ये टेन्युअरची हमी राज्याच्या कायद्यातून काढली आणि रीजंट्सच्या, म्हणजे विद्यापीठाच्या नियामक मंडळाच्या, हाती सोपवली. फ्लोरिडाने टेन्युअर मिळालेल्यांचीही ठरावीक वर्षांनी फेरतपासणी सुरू केली.

कुलूप नसतं तेव्हा काय होतं याचं उदाहरणही बर्कलेचंच. 1949 मध्ये कॅलिफोर्नियाच्या रीजंट्सनी प्राध्यापकांकडून आपण कम्युनिस्ट नसल्याची शपथ मागितली. ऑगस्ट 1950 मध्ये, सही न करणाऱ्या 31 जणांना काढून टाकण्यात आलं. त्यांत गणिताचे तिघे होते: हान्स लेवी, जॉन केली आणि पॉलीन स्पेरी. लेवी हे 1933 मध्ये हिटलरच्या जर्मनीतून निघून आलेले ज्यू. सरकारपुढे निष्ठेची शपथ घेणं म्हणजे काय, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. 1952 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. लेवी परतले, आणि 1957 मध्ये त्यांनी एक अगदी साधं दिसणारं विकलक समीकरण लिहून दाखवलं ज्याला उत्तरच नाही. अशा समीकरणांना उत्तर असणारच, असं तोवर सगळे धरून चालले होते. एका छोट्याशा उदाहरणाने अख्ख्या शाखेची दिशा वळली. 2019 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्याच डेव्हिस इथल्या गणित विभागप्रमुख अबिगेल थॉम्प्सन यांनी त्या शपथेची आठवण काढली. उमेदवारांकडून विविधतेविषयीचं निवेदन सक्तीने मागणं ही नवी राजकीय कसोटी आहे, असं त्यांनी लिहिलं आणि गणितज्ञांत मोठा वाद पेटला. टेक्सासने 2023 च्या कायद्याने राज्य विद्यापीठांत अशी निवेदनं मागायला बंदी केली, कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2025 मध्ये ती सक्ती थांबवली. माझं मत सांगायचं तर, ब्लॅकवेल आणि रॉबिन्सन यांना जे भोगावं लागलं ते टाळायची तळमळ खरी होती. पण पानभर निवेदनातून माणसाची नियत वाचता येते यावर माझा विश्वास बसत नाही. गणित वाचणंच एवढं अवघड, तर मन कसं वाचणार?

सहाव्या वर्षी पुन्हा पत्रं मागवली जातात, आणि आता उमेदवाराने सुचवलेल्या नावांखेरीज विद्यापीठ स्वतः निवडलेल्या परक्या तज्ज्ञांनाही लिहितं. मग विभाग, महाविद्यालय, विद्यापीठ अशा पायऱ्या चढत शेवटी रीजंट्सची औपचारिक मान्यता.

हे सगळं जुळून आलं की काय घडतं ते पाहायला आपल्याच माणसाकडे जाऊ. श्रीराम अभ्यंकर 1930 मध्ये उज्जैनला जन्मले, ग्वाल्हेरच्या मराठी घरात वाढले, मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकले आणि हार्वर्डला ऑस्कर झारिस्की यांचे विद्यार्थी झाले. पृष्ठावर जिथे टोक येतं किंवा गाठ पडते ते बिंदू सोडवून पृष्ठ गुळगुळीत करायचं, हा बैजिक भूमितीतला जुना प्रश्न. त्याच्या एका प्रकारात झारिस्कींनाही वाट सापडली नव्हती, ती अभ्यंकरांनी प्रबंधात काढली. 1963 मध्ये ते पर्ड्यूला आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. या जवळपास पन्नास वर्षांत ते बैजिक भूमितीतून चयनगणितात गेले, संगणकशास्त्र आणि औद्योगिक अभियांत्रिकी विभागांतही प्राध्यापक झाले, आणि 1976 मध्ये पुण्यात त्यांनी भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केलं. 1957 मध्ये त्यांनी मांडलेलं एक अनुमान 1994 मध्ये मिशेल रेनो आणि डेव्हिड हार्बेटर यांनी सिद्ध केलं. कोणत्याही सहा वर्षांच्या हिशेबात ही सदतीस वर्षं बसत नाहीत.

पर्ड्यूलाच अभ्यंकरांच्या हाताखाली त्झुआंग-त्सिएंग मो यांनी पीएचडी केली, आणि पुढे मो यांच्या हाताखाली झांग यीतांग यांनी. म्हणजे झांग हे विद्येच्या वंशावळीत अभ्यंकरांचे नातू. 1991 मध्ये ते पीएचडी झाले आणि त्यांना कुठेही नोकरी मिळाली नाही. मार्गदर्शकाचं शिफारसपत्र त्यांच्याजवळ नव्हतं, छापलेलं काम जवळजवळ नव्हतं, ओळखी वाढवायचा स्वभाव नव्हता. काही वर्षं त्यांनी मित्राच्या सँडविचच्या दुकानात हिशेब पाहिले. पत्रांच्या व्यवस्थेला दिसूच शकत नाही असा हा माणूस. 1999 मध्ये न्यू हॅम्पशायरच्या राज्य विद्यापीठात केनेथ अपेल यांनी त्यांना शिकवायचं काम दिलं. टेन्युअर-ट्रॅकवरचं नव्हे, साधं लेक्चररचं. हे अपेल म्हणजे 1976 मध्ये इलिनॉय विद्यापीठात वोल्फगांग हाकेन यांच्याबरोबर चार रंगांचं प्रमेय (कोणताही नकाशा रंगवायला चार रंग पुरतात) सिद्ध करणारे. त्या सिद्धतेचा मोठा भाग संगणकाने तपासलेला होता, एकट्या माणसाला तो हाताने तपासणं शक्य नव्हतं आणि त्यावरून गणितात वर्षानुवर्षं वाद झाला.

झांग वर्गात कॅल्क्युलस शिकवत राहिले. 17 एप्रिल 2013 रोजी त्यांचा शोधनिबंध ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’कडे पोचला. ज्यांच्यातलं अंतर 7 कोटींपेक्षा कमी आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत, असं त्यात सिद्ध केलं होतं. त्याआधी असं कोणतंही मर्यादित अंतर कोणाला दाखवता आलं नव्हतं. एरवी वर्ष-वर्ष लागणारी तपासणी जेमतेम महिन्यात पुरी झाली आणि 21 मे रोजी निबंध स्वीकारला गेला. अपेल यांना हे कळलं नाही. ते 19 एप्रिललाच गेले होते. झांग तेव्हा पन्नाशीच्या उत्तरार्धात होते. न्यू हॅम्पशायरने 2014 मध्ये त्यांना लेक्चररवरून थेट प्रोफेसर केलं. मधली असिस्टंट प्रोफेसरकीची सहा वर्षं त्यांच्या वाट्याला आलीच नाहीत. 2015 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांना सांता बार्बराला नेलं.